कागद खाली ओढायचा

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, एका मराठी घरातलं जेवणाचं टेबल डिसेंबरात चार दिवस अडलेलं होतं. घरातली तिघं माणसं ताटं घेऊन सोफ्यावर जेवत होती. टेबलभर पार्चमेंट कागद पसरलेले आणि त्यांच्यावर साखरेची नक्षी वाळत पडलेली. हातात हात घेतलेली जोडपी, गुलाबाच्या कळ्या, लाल कार्डिनल पक्ष्यांच्या जोड्या. कार्डिनल हा तिथला राज्यपक्षी.

हा सगळा घाट सुनेने जिंजरब्रेडसाठी घातला होता. सुंठ घातलेली मोठमोठी बिस्किटं बदामाच्या आकारात कापून भाजायची आणि वर ही वाळलेली नक्षी चिकटवायची. लग्न जूनमध्ये झालेलं, त्यामुळे हा दोघांचा पहिलाच नाताळ.

सासूबाई साताऱ्याकडच्या, कोरेगावच्या. घरची आल्याची शेती. यजमान गेल्यावर सहा महिन्यांसाठी म्हणून त्या पहिल्यांदाच मुलाकडे आल्या होत्या. पीठ मळताना सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ आणि काकवीसारखी काळी दाट मोलॅसिस यांचा एकत्र वास सुटला, तशा त्या ओट्यापाशी आल्या. "अगं, हा तर आपला सुंठवडा!"

सून इथेच वाढलेली, पण मराठी चांगलं बोलणारी. तिने सांगितलं की हा पदार्थ या देशाच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकन लेखिकेचं पहिलं पाकपुस्तक अमेलिया सिमन्सचं, हार्टफर्डला 1796 साली छापलेलं, त्यातही जिंजरब्रेडच्या कृती आहेत. जर्मनीत तर असे बदाम रिबिनीत ओवून ऑक्टोबरफेस्टच्या जत्रेत आवडत्या माणसाच्या गळ्यात घालतात, वर साखरेने प्रेमाचे दोन शब्द लिहून.

"म्हणजे आपले हलव्याचे दागिनेच की," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या पहिल्या संक्रांतीचा हलवा त्यांच्या आईने घरी केला होता. शेगडीच्या मंद आचेवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचा-चमचा पाक, आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. असं दिवसामागून दिवस. हवेत कोरडी थंडी असेल तरच काटा फुलतो. मग त्या हलव्याचं मंगळसूत्र, तन्मणी, बांगड्या, आणि खाली काळी साडी. साखर घाई केलेली खपवून घेत नाही, हे या बाईला सुनेच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

इतकं ठाऊक असलेलं माणूस घाई करतं, तेव्हा ती घाई साखरेपायी नसते.

मुलगा संध्याकाळी ऑफिसातून आला की आईजवळ बसायचा. चहा आईच्या हातचा, आमटीला फोडणी आईची. बोलणं गावाकडच्या माणसांचं, विहिरीचं, आल्याच्या भावाचं. सून थोडा वेळ ऐकायची आणि उठून आयसिंगकडे जायची. सासूबाईंना ते दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटत होतं. इतक्या लांब येऊन मुलगा आपलाच आहे, याचा तो पुरावा होता. त्यांना दोष देण्याचं माझ्या मनात नाही. एकट्या पडलेल्या आईला असा पुरावा रोज लागतो.

नाताळाच्या आधी दोघं दोन दिवस ॲशव्हिलला जाणार होती. तिथल्या डोंगरात ग्रोव्ह पार्क इन नावाचं 1913 सालचं दगडी हॉटेल आहे. 1992 पासून तिथे जिंजरब्रेडच्या घरांची स्पर्धा भरते आणि घरातली प्रत्येक वस्तू खाण्याजोगीच असावी लागते. ते पाहायचं सुनेच्या मनात कधीपासून होतं. मुलगा म्हणाला, "आईला एकटी कशी ठेवायची? तिघं जाऊ." सून "चालेल" म्हणाली आणि एका जोडप्याच्या पायांत पांढरं आयसिंग भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली. आपणही काही करून दाखवावं म्हणून सासूबाईंनी टेबल हाती घेतलं. कळ्या वाळल्या होत्या, पण जोडपी जाड भरलेली, त्यांना पुरते दोन दिवस हवे होते. त्यात टेबलाला लागूनच असलेल्या शेगडीवर त्यांनी सकाळी कुकर लावला होता, त्याच्या वाफेने साखर ओलावलेली. उलथन्याची कड नक्षीखाली घालून त्यांनी उचललं. जोडलेले हात तिथेच तुटले. दुसरं जोडपं सुरीने सोडवायला गेल्या, तर नवरीची मान गेली. तिसरं तर त्यांच्या बोटांतच चुरलं.

संध्याकाळी सून आली. सासूबाई तुकडे बशीत घेऊन बसल्या होत्या.

"मी मोडली गं."

सून बशीकडे बघत राहिली. मग पर्स ठेवून शेजारी बसली. "आई, मी आठ केली होती. मोडणार हे धरूनच जास्तीची करतात."

अजून एक दिवस जाऊ दिला. मग तिने एक कागद टेबलाच्या कडेशी आणला. डावा तळवा नक्षीवर अलगद, न दाबता. उजव्या हाताने कागदाचं टोक धरून ते कडेवरून सरळ खाली ओढलं, अगदी दोऱ्यादोऱ्याने. कागद वळून खाली जाऊ लागला आणि जोडप्याचे पाय आपोआप सुटे होऊन पुढे सरकले. मग कंबर, मग जोडलेले हात. शेवटी कागद खाली लोंबत राहिला आणि जोडपं अख्खं तिच्या तळव्याखाली.

"नक्षी उचलायची नाही, आई. ती आहे तशी राहू द्यायची. कागद काढायचा. खाली, सावकाश."

"आणि कागद? टाकायचा?"

"छे! पुसून ठेवायचा. परत लागतो."

सासूबाईंनी तो कागद घेतला. त्यावर जोडप्याच्या आकाराची तुकतुकीत खूण होती. बराच वेळ त्या तिच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. त्या रात्री मुलगा येऊन बसला, तेव्हा झोप येतेय म्हणून त्या लवकर आत गेल्या. झोप काही लागली नाही. बाहेर दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि मध्येच एकदा सून मोठ्याने हसली.

सकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "मी येत नाही ॲशव्हिलला. तुम्ही दोघं जा."

"अगं पण तू एकटी..."

"कोरेगावला दहा माणसं असतात का माझ्याजवळ? जा. आणि थंडी आहे, तिचा जाड कोट घ्यायला विसरू नकोस." एवढं बोलून त्या चहा टाकायला वळल्या.

शनिवारी गाडी निघाली. दुपारी फोन आला. दोघं विन्स्टन-सेलमला थांबली होती. तिथे 1766 साली मोरेव्हियन लोकांनी वसवलेलं जुनं सेलम आहे, त्यांची सुंठीची बिस्किटं कागदासारखी पातळ असतात. सुनेने आईंसाठी डबा घेतला होता.

"जेवलीस का? कंटाळली नाहीस ना?" मुलगा विचारत होता. फोन नेहमी त्यालाच ठेवावा लागे. आई कधी आपणहून ठेवत नसे.

टेबलावर शेवटचं एक जोडपं उरलं होतं. सासूबाईंनी त्याचा कागद कडेशी आणून ठेवला होता.

"हातात काम आहे रे," त्या म्हणाल्या, "ठेवते."