त्याला काय कळते?

आपल्या घरात तान्हे मूल रडू लागले की कोणीतरी वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "लहान आहे, त्याला काय कळते? घटकाभरात विसरेल." सोनार कान टोचतो तेव्हा हे म्हटले जाते, दवाखान्यात सुई देताना म्हटले जाते. पोट फुगले म्हणून तान्ह्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची रीत मेळघाटातून अजून पुरती गेलेली नाही. तेथेही समजूत हीच, की चटका क्षणाचा आणि पोर अजाण. म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. बहुधा ते वाक्य आईला धीर देण्यासाठीच असते. पण वाचकहो, या तीन शब्दांत एक फार मोठा निवाडा दडलेला आहे. दुसऱ्याला दुखते की नाही, हे ज्याला दुखत नाही त्याने ठरवायचे, असा तो निवाडा आहे.

हा निवाडा केवळ अडाणी माणसे देतात असे कोणी समजू नये. १९८०च्या दशकापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतील नामांकित रुग्णालयांतही तो दिला जात होता, आणि तोही शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

पोटात असताना बाळाची फुप्फुसे काम करीत नाहीत. म्हणून हृदयाजवळ एक आडवाटेची रक्तवाहिनी असते आणि रक्त फुप्फुसे टाळून पुढे जाते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात ती कधीकधी उघडीच राहते, आणि मग छाती उघडून ती बांधावी लागे. त्या वेळी अशा बाळांना बहुतेक ठिकाणी स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाई आणि सोबत नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू. वेदना शमवणारे खरे औषध एकतर दिलेच जात नसे, नाहीतर नावापुरते दिले जाई. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने दुखणे कमी होत नाही. त्याने फक्त हात हलत नाही, पाय हलत नाही, आणि रडता येत नाही. म्हणजे आधी बाळाचे रडणे बंद करायचे, आणि मग ते रडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असे मानायचे!

डॉक्टर क्रूर होते काय? नाही. त्यांना एक खरी भीती होती. जुनी भुलीची औषधे एवढ्याशा जीवाला झेपत नसत. रक्तदाब कोसळे, श्वास थांबे. मूल दगावण्यापेक्षा भूल कमी दिलेली बरी, हा विचार समजण्यासारखा आहे. पण या भीतीला एका सिद्धांताचा आधार मिळाला, आणि तेथे गोष्ट बिघडली. १९४१ साली मर्टल मॅक्‌ग्रॉ या अमेरिकन संशोधिकेने ७५ बालकांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. पहिल्या काही दिवसांत बाळे फारसा प्रतिसाद देत नाहीत, आणि जो देतात तो मेंदूच्या वरच्या भागातून येत नाही, असा निष्कर्ष निघाला. शिवाय शरीरशास्त्र सांगे की नवजात बाळाच्या मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन पुरते चढलेले नसते. वेष्टन नाही म्हणजे निरोप पोहोचत नाही, आणि निरोप नाही म्हणजे वेदना नाही. ऐकायला किती शास्त्रीय वाटते!

यातील चूक साध्या माणसालाही कळण्यासारखी आहे. मोठ्या माणसाच्या अंगातही ठुसठुसणारे, जळजळणारे दुखणे वाहून नेणारे बारीक तंतू असतात आणि त्यांच्यावर मायलिनचे वेष्टन जन्मभर नसतेच. तरी आपल्याला दुखते. वेष्टन कमी असले तर निरोप सावकाश जातो एवढेच. आणि बाळाच्या पायापासून मेंदूपर्यंतचे अंतर असते तरी किती? हे सारे पाठ्यपुस्तकांत होते. कोणी दोन पाने एकत्र ठेवून वाचली नाहीत, कारण निष्कर्ष सोयीचा होता.

ती पाने एकत्र वाचणारा तरुण डॉक्टर निघाला भारतातला. कंवलजीत सिंग आनंद हे इंदूरला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेसाठी नेलेली कमी दिवसांची बाळे परत येतात तेव्हा पांढरीफटक पडलेली आणि ढासळलेली असतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी वाद घातला नाही. रक्त तपासले. माणूस बोलू शकत नसला, हलू शकत नसला, तरी शरीर संकटात सापडले की ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात ओतते आणि साखर वाढते. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ बाळांची पाहणी केली. आठ बाळांना नेहमीची भूल, आणि आठांना तीच भूल अधिक फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक. १९८७च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल छापून आले. ज्यांना फेंटानिल दिले नव्हते त्यांच्या रक्तात संकटाची सारी चिन्हे कितीतरी तीव्र होती, आणि शस्त्रक्रियेनंतरची त्यांची गुंतागुंतही अधिक होती.

येथे वाचक विचारील, मग त्या आठ बाळांना औषधावाचून ठेवले हे तरी नीतीला धरून झाले काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. त्या आठांना जे मिळाले ते त्या काळी बहुतेक बाळांना मिळतच होते, एवढेच उत्तर आहे. मला ते पुरे वाटते, पण सुखाचे वाटत नाही.

त्याच वर्षी आनंद आणि अमेरिकेतील पॉल हिकी यांनी नवजात बाळाच्या वेदनेविषयी उपलब्ध असलेला सारा पुरावा एका लेखात मांडला, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल दिली पाहिजे असे जाहीर केले. पुढे बोस्टनला याच दोघांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजात बाळांची पाहणी केली. हलकी भूल दिलेल्या १५ पैकी ४ दगावली. गाढ वेदनाशामक भूल दिलेल्या ३० पैकी एकही नाही. हे १९९२ साली प्रसिद्ध झाले. बाळ दगावेल म्हणून भूल द्यायची नाही, असे म्हणणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर होते.

राहिले "विसरेल" हे. टोरांटो येथे १९९७ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या मुलग्यांची जन्मानंतर लगेच सुंता झाली होती ते चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतर मुलग्यांपेक्षा अधिक कळवळून रडत. आणि सुंतेच्या वेळी ज्यांना बधिर करणारे मलम लावले होते ते त्या मानाने कमी रडत. त्या मुलांना आठवण सांगता आली नसती. पण मन विसरले तरी शरीर विसरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याची वेदना आपल्याला दिसत नाही, हे खरे. दात माझा दुखतो तेव्हा मला पुरावा लागत नाही. दात तुमचा दुखतो तेव्हा मला तुमच्या शब्दावर विसंबावे लागते. मग शंका असेल तेव्हा पुरावा कोणी द्यायचा? माझे म्हणणे असे की, ज्याच्या हाती सुरी आहे त्याने दुखत नाही हे सिद्ध करावे. ज्याच्यावर सुरी चालणार आहे त्याने दुखते हे सिद्ध करण्याची गरज नाही. इतिहासात नेमके उलटे झाले. ज्याला बोलता येत नाही, किंवा ज्याचे बोलणे कोणी ऐकत नाही, त्याच्याकडूनच पुरावा मागितला गेला.

अमेरिकेत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम निग्रो स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. अनार्का, बेट्सी, ल्यूसी ही त्यांतील तिघींची नावे टिकून आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि भुलीवाचून झाली. १८४६ साली बोस्टनला ईथरची भूल जगापुढे आली होती, तरीही. त्या स्त्रिया ओरडल्या नसतील काय? सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात होता. तो २०१८ साली हलवला. समजूत मात्र पुतळ्याइतकी सहज हलत नाही. काळ्या माणसाची कातडी जाड असते, त्याला कमी दुखते, अशांसारख्या खुळ्या कल्पनांपैकी एखादी तरी खरी मानणारे गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर निम्म्याच्या आसपास निघाले, असे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पाहणीत २०१६ साली आढळले.

"यांना सवय असते," "राबलेली हाडे आहेत, यांना काही होत नाही." ही वाक्ये आपल्या आईने, आजीने बांधावर आणि दवाखान्याच्या रांगेत ऐकलेली आहेत. तान्ह्याला कळत नाही म्हणून दुखत नाही आणि राबणाऱ्याला सवय आहे म्हणून दुखत नाही. मग या जगात दुखते तरी कोणाला?

आणि दुखते असे मान्य केले, तर वर आणखी एक वाक्य तयार असते: "भोग आहेत मागच्या जन्माचे." दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देव्हारा गेला, पण हा शब्द अजून आपल्या जिभेवरून गेलेला नाही. राजगृहाच्या वेळुवनात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंताला हेच विचारले होते: माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळे, असे काहीजण म्हणतात, ते खरे काय? संयुक्त निकायात हा संवाद आहे. भगवंताने पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतील बदल, वागण्यातील हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात अशी कारणे एकेक करून मोजली आणि कर्माचे फळ आठवे म्हणून शेवटी ठेवले. सारे काही पूर्वकर्माचे असे म्हणणारे स्वतःला ठाऊक असलेल्याच्याही पलीकडे जाऊन बोलतात आणि जगाला ठाऊक असलेल्याच्याही, असा त्यांनी निर्वाळा दिला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात याहून पुढचे बोट ठेवले: गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाच्या आणि राज्याच्या अंगावरून झटकून टाकतो. एका दिवसाच्या बाळाचे दुखणे 'भोग' म्हणून सोडून देणे याहून वेगळे काय आहे?

जाता जाता, पालीत 'वेदना' म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नव्हे अशी प्रत्येक जाणीव म्हणजे वेदना. मराठीत त्यातले फक्त दुखणे उरले.

या शब्दाची व्याख्या करण्यात शास्त्रज्ञांनाही चाळीस वर्षे लागली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली व्याख्या केली आणि तिच्याखालील टिपेत असे म्हटले की, हा शब्द कसा वापरायचा हे प्रत्येकजण लहानपणच्या इजांच्या अनुभवातून शिकतो. मग जे अजून शिकलेच नाही त्याचे काय? टीका झाली. २०२० साली व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्ट लिहिले गेले की, सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असे होत नाही, आणि दुखते असे जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखावा. त्याआधी २०१५ साली ऑक्सफर्डलाच एक ते सहा दिवसांची दहा बाळे आणि दहा प्रौढ यांच्या तळपायाला हलकेच टोचून मेंदूचे चित्रण केले गेले. प्रौढांच्या मेंदूतील जे वीस भाग जागे झाले त्यांपैकी अठरा बाळांतही जागे झाले, आणि तेही प्रौढांपेक्षा कितीतरी हलक्या टोचणीने.

मात्र दुखते असे मानले म्हणजे औषध ओतत सुटावे, असे नव्हे. श्वासाच्या यंत्रावर ठेवलेल्या कमी दिवसांच्या बाळांना सरसकट मॉर्फिन द्यावे काय, हे पाहण्यासाठी सुमारे ९०० बाळांवर एक पाहणी झाली आणि २००४ साली तिचे निकाल छापले गेले. सरसकट मॉर्फिनने अपेक्षित फायदा झाला नाही. उलट काहींचा रक्तदाब उतरला. ही पाहणी करणाऱ्यांत प्रमुख होते तेच डॉ. आनंद. बाळांना दुखते हे जगाला पटवून देणाऱ्या माणसाने स्वतःच्याच बाजूच्या औषधाची परीक्षा घेतली आणि न आवडणारे उत्तर छापले. मला त्यांचे हे काम पहिल्या कामाइतकेच मोठे वाटते. प्रज्ञेवाचून करुणा आंधळी होते, ती अशी.

आणि किती गोष्टी औषधावाचून होतात! कपाळाला आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठापर्यंत खोल गेलेली रेघ, एवढ्यावरून परिचारिका आज बाळाच्या वेदनेला गुण देतात. लस टोचताना काय करावे हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. बाळाला टेबलावर आडवे धरून ठेवू नये. आईने मांडीवर, छातीशी धरावे. अंगावर पिणारे मूल असेल तर टोचण्याच्या जरा आधी किंवा टोचतानाच पाजायला घ्यावे. एकाच दिवशी दोन-तीन लसी असतील तर सर्वांत झोंबणारी शेवटी द्यावी. परिचारिकेला घाई असेल, रांग मोठी असेल, तरी दोन मिनिटे मागून घ्यावीत आणि बाळ दुधाला लागल्यावरच मांडी पुढे करावी.