वाचून दाखवा

भीमेच्या उत्तरेला शिरूर तालुका, दक्षिणेला दौंड. अलीकडच्या तीरावरच्या एका गावात म्हातारे आबा मुलाजवळ राहत होते. लेक पलीकडे दौंड तालुक्यात दिली होती. बंधाऱ्यावरून मोटारसायकल घातली की अर्ध्या तासात तिचं घर यायचं. जावयाचं गुऱ्हाळ होतं. त्याच्या मेहुण्याचा, म्हणजे आबांच्या मुलाचा, ऊस दरवर्षी तिथंच गाळला जायचा आणि गुळाची पहिली ढेप आबांच्या देवापुढं यायची.

2023 च्या ऑक्टोबरात, 7 तारखेला हमासनं इस्रायलवर हल्ला केला. बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशेच्या घरात ओलीस धरून नेली. पाठोपाठ गाझावर बाँब पडू लागले. आठवडाभरानं शरद पवार मुंबईत पक्षाच्या बैठकीत त्यावर बोलले. ती जमीन पॅलेस्टिनी लोकांची, इस्रायल बाहेरून आला, आधीच्या पंतप्रधानांनी पॅलेस्टाइनला साथ दिली आणि आताच्यांनी इस्रायलची बाजू घेतली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पीयूष गोयल आणि देवेंद्र फडणवीस त्यांच्यावर तुटून पडले. पुढं आसामचे मुख्यमंत्री म्हणाले, की पवार आता सुप्रिया सुळेंना हमासकडून लढायला गाझाला पाठवतील. सुप्रियाताई म्हणजे दौंडकरांच्या खासदार. ती ठिणगी थेट नदीकाठी येऊन पडली.

सोयऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. एरवी त्यात वाढदिवस, लग्नपत्रिका आणि कांद्याचे भाव यायचे. जावई, म्हणजे दाजी, पवार साहेबांचे जुने माणूस. त्यांनी साहेबांचं भाषण टाकलं. मेहुण्यानं खाली फडणवीसांचं उत्तर टाकलं आणि लिहिलं, की ज्या इस्रायलच्या ठिबकावर आपलं शेत उभं आहे त्यालाच साहेब परकं म्हणतात. दाजींनी लिहिलं, ठिबक कंपनीचं आहे, जमीन कोणाची ते बोला. रात्री बारापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी गाझा मागं पडलं आणि लग्नातला मानपान निघाला. दाजींनी मेहुण्याच्या घरचे संस्कार काढले. मेहुण्यानं दाजींना साहेबांच्या ताटाखालचं मांजर म्हटलं आणि ग्रुप सोडला. त्या हंगामाचा ऊस त्यानं दुसऱ्या गुऱ्हाळाला कबूल केला.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या रात्री मुलगा म्हणाला, "आबा, यंदा मी ताईकडं जाणार नाही."

आबा म्हणाले, "नको जाऊ. मला जायचंय. तेवढं सोड."

म्हाताऱ्याला गाडीवर बसवून न्यायचं तर दारापर्यंत जावंच लागणार होतं. 15 नोव्हेंबरच्या सकाळी दोघं पलीकडे गेले. ताईनं पाट मांडला होता. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी आबांचे पाय शिवले. मेहुण्याकडं पाहिलं नाही.

आबा ओट्यावर टेकले. म्हणाले, "माझ्याकडं तो फोन नाही. काय भांडलात ते मला वाचून दाखवा. पहिल्यापासून. ज्यानं जे लिहिलं ते त्यानं वाचायचं."

दाजी म्हणाले, "आबा, सणासुदीला कशाला ते?"

"वाचा, पाव्हणं."

मग दोघांनी फोन काढले. सुरुवातीला आवाज चढा होता. पवार काय म्हणाले ते दाजींनी ठासून वाचलं. फडणवीस काय म्हणाले ते मेहुण्यानं तसंच. मग एकेका ओळीनं आवाज उतरत गेला. ताई दाराशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. संस्कारांची ओळ आली तेव्हा दाजी थांबले. पुढं वाचेनात. मेहुण्याची पाळी आली, तर त्यालाही मांजराचा शब्द बहिणीसमोर उच्चारवेना. अंगठ्यानं तो सहज लिहून गेला होता.

आबा म्हणाले, "साहेब आले. फडणवीस आले. सुप्रियाताई आल्या. ठिबकाची नळी आली, माझे संस्कार आले. मेलेली माणसं कुठं आली?"

दोघांनी पुन्हा फोन वरखाली केला. इस्रायलचे मेलेले त्यात नव्हते. तोवर गाझात अकरा हजारांवर माणसं मेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगत होतं, त्यात लेकरं हजारांनी होती. तीही नव्हती.

आबा फौजेत होते, परदेशी जाऊन आले होते, एवढं घरात ठाऊक होतं. कुठं, ते कोणी विचारलं नव्हतं.

"सहासष्टला मी गाझात होतो," आबा म्हणाले. "निळी टोपी घालून. संयुक्त राष्ट्रांची फौज होती, वरचा जनरल आपला रिखी साहेब. हद्दीला एक चर खोदलेला. अलीकडं संत्र्यांच्या बागा आणि निर्वासितांच्या छावण्या. अठ्ठेचाळीस साली घरं सोडून आलेली माणसं तिथं राहायची. पलीकडं इस्रायलचे ट्रॅक्टर चालायचे. दोन्हीकडची शेतं चरापर्यंत पेरलेली. सदुसष्टच्या जूनमध्ये लढाई पेटली. आम्ही परत निघायच्या तयारीत होतो. आपले जवान तिथं मारले गेले. त्यांचं कोणाशी वैर नव्हतं."

मुलानं विचारलं, "मग आबा, चूक कोणाची?"

"निवाडा करायला मला पाठवलं नव्हतं," आबा म्हणाले. "गोळी सुटू नये म्हणून पाठवलं होतं. तुम्ही निवाडा करा. पण तिथं माणसं आहेत एवढं ध्यानात ठेवून करा."

ताईनं भावाला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. जेवणं झाली. दाजी मेहुण्याला एवढंच म्हणाले, "उसाची तोड कधी धरायची ते कळवा." दोघं एकमेकांची माफी मागण्यापर्यंत गेले नाहीत.

पवारांचं बरोबर की चूक, यावर माणसानं जरूर बोलावं. देशाचं परराष्ट्र धोरण ही गावकऱ्यानंही बोलायची गोष्ट आहे, आणि साहेबांचा शब्द कितीही मोठा असला तरी तो तपासून घ्यायचा हक्क त्याला आहे. पण ज्या मरणांवरून वाद पेटला त्यांचा त्यात उल्लेखही नसेल, तर आपण आपलेच जुने हिशेब काढून बसलेलो असतो.

त्या हंगामात ऊस दाजींच्याच गुऱ्हाळात गेला. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक आली. बारामती मतदारसंघातल्या दौंडचं मतदान 7 मेला झालं, शिरूरचं 13 मेला. दाजी आणि मेहुणा, दोघांनी आपापल्या पसंतीला मत दिलं.