पालघरची गाडी आणि लाड सरांचं घर

२०१८ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर मुंबईत उतरला आणि अंधेरीहून लोकल पकडून थेट पालघरला घरी गेला. फर्स्ट क्लासचा डबा, कानाला हेडफोन. डब्यातल्या कॉलेजच्या पोरांनी आधी मोबाइलवर त्याचा फोटो शोधून खात्री करून घेतली, मग सेल्फी मागितले. बातमी गाजली. केवढा साधा मुलगा, असं सगळीकडे छापून आलं. पालघर-बोईसरकडच्या माणसाला मात्र त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. माहीमचा पोरगा (हे आपलं केळव्याशेजारचं माहीम, मुंबईचं नव्हे) दुसऱ्या कशानं घरी जाणार?

गाडीचे धक्के खाल्ले म्हणून पोरगा मोठा झाला, अशी गोष्ट आपल्याला फार आवडते. ती अर्धीच खरी आहे. २०१३ पर्यंत विरारच्या पुढे लोकल नव्हती. शटल, मेमू आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांवरच सारी भिस्त. पाम किंवा तारापूरच्या मुलाला त्याआधी बोईसर स्टेशन गाठायचं. पुढे विरारच्या गर्दीत किट बॅग खांद्यावर घेऊन चढायचं, आणि मैदानावर पोचेपर्यंत अंगातलं निम्मं बळ संपलेलं. ही रोजची तंगडतोड सोसायला जिद्द लागते, यात वाद नाही. पण त्या तंगडतोडीनं कुणाचा आउटस्विंग सुधारत नाही.

बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी नेमकं हेच ओळखलं. तारापूर विद्यामंदिराकडून खेळणाऱ्या शार्दूलनं त्यांच्याच शाळेविरुद्ध धावाही केल्या आणि बळीही घेतले. हरवायला आलेला मुलगाच त्यांनी आपल्या शाळेसाठी मागितला. वडिलांची अडचण रास्त होती: पालघर-बोरिवली रोजची ये-जा, त्यात दहावीचं वर्ष. लाड सरांनी त्यावर चिकाटीचं व्याख्यान दिलं नाही. मुलाला सरळ आपल्या घरी ठेवून घेतलं. वर्षभर तो त्यांच्याकडे राहिला. पुढे याच शाळेकडून हॅरिस शिल्डच्या सामन्यात त्यानं एका षटकात सहा षटकार ठोकले.

लाडांनी हे पहिल्यांदाच केलं असंही नाही. रोहित शर्मा त्यांच्याकडे आला तो ऑफस्पिनर म्हणून. त्याला शाळेची फी परवडत नव्हती; लाडांनी ती माफ करून घेतली. बॅटिंगचा गुणही त्यांनीच हेरला. एकाच्या वाटेतली फी काढली, दुसऱ्याच्या वाटेतलं अंतर. खेळातले कष्ट दोघांच्याही वाट्याला पुरेपूर राहिले. २०२२ साली लाडांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यातला मोठा वाटा नेटमधल्या शिकवणीइतकाच नेटबाहेरच्या या खटपटीचा होता, असं म्हणायला हरकत नसावी.

पुढचं सगळं काही आयतं आलं नाही. रणजीतल्या पहिल्या चार सामन्यांत शार्दूलला फक्त चार बळी मिळाले. वजन कमी कर, असं खुद्द सचिन तेंडुलकरनं बजावलं. त्यानं ते मनावर घेतलं; २०१४-१५ च्या हंगामात दहा सामन्यांत ४८ बळी घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण झालं आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीनं तो बाहेर पडला. पुढची कसोटी मिळायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला निम्मा संघ जायबंदी झाला नसता, तर तीही कदाचित मिळाली नसती. ६ बाद १८६ अशी अवस्था असताना त्यानं ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी रचली आणि सामन्यात सात बळी घेतले. संधी नशिबानं आली खरी. पण तो तयार होता.

इथे एक गोष्ट खटकते, ती सांगितलीच पाहिजे. शार्दूल सापडला तो एका शालेय सामन्यात, तोही प्रतिस्पर्धी शाळेच्या प्रशिक्षकाला. त्या दिवशी तो शून्यावर बाद झाला असता तर? पालघर जिल्हा होऊन २०१४ पासून बरीच वर्षं लोटली, तारापूरची अणुवीज १९६९ पासून ग्रिडमध्ये जाते आहे. तरी इथल्या मुलानं कुणा गुरुजींच्या घरातल्या जागेवर अवलंबून राहावं, हे काही कौतुकाचं नाही. एका लाडांच्या घरात अशी कितीशी मुलं मावणार?

मार्च २०२४. बीकेसीच्या मैदानावर रणजीची उपांत्य फेरी, समोर तमिळनाडू, मुंबई ७ बाद १०६. नवव्या क्रमांकावर आलेल्या शार्दूलनं १०९ धावा काढल्या. प्रथम श्रेणीतलं त्याचं हे पहिलं शतक. त्या दिवशी पत्रकारांसमोर तो स्वतःच्या मेहनतीचे गोडवे गात बसला नाही. दोन सामन्यांत तीनच दिवसांची विश्रांती असेल आणि आणखी दोन हंगाम असंच चाललं, तर देशभर पोरं जायबंदी होतील, बीसीसीआयनं वेळापत्रकाकडे पुन्हा पाहावं, असं तो बोलला. पुढच्या हंगामात रणजी स्पर्धा दोन टप्प्यांत विभागून खेळवली गेली.