दुसऱ्याच्या ओसरीवर

सहानुभूती शिकवता येते का? हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ही कादंबरी वाचताना हा प्रश्न आम्हाला छळत राहतो.

काळ १९३०च्या दशकाचा, स्थळ अमेरिकेतल्या अलाबामामधील एक काल्पनिक गाव. जेमतेम सहा वर्षांच्या स्काउटला वकील वडील सांगतात, दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय माणूस कळत नाही. उपदेश एका दिवसाचा. तो अंगी मुरायला तिला दोन वर्षे लागतात. ज्या बू रॅडलीला ती भूत समजत होती, तोच अखेर तिचा आणि भावाचा जीव वाचवतो. त्याला घरी पोचवून ती त्याच्या ओसरीवर थांबते आणि आपलीच गल्ली त्याच्या नजरेने पाहते.

पण निरपराध असूनही दोषी ठरलेल्या काळ्या टॉम रॉबिन्सनच्या दारात ती उभी राहत नाही. बूचे घर शेजारी होते. टॉमची वस्ती गावाबाहेर, कचऱ्याच्या ढिगापलीकडे. शेजाऱ्याविषयी कळवळा सोपा, वेशीबाहेरच्याविषयी अवघड.

आमच्या मोहल्ल्यात कुणी फिरकत नाही, ही आमची तक्रार खोटी नाही. पण आम्ही तरी कुणाच्या ओसरीवर गेलो? मुलांना आधी हे उत्तर द्यावे लागेल.