उजेडाचे ऋण

विजेच्या बिलात 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. कोळसा महागला की ती रक्कम वाढते, आणि भाईंदरच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला तेवढ्यापुरती खाणीची आठवण होते. किमतीतील फरक ग्राहकापर्यंत पोचवण्याची व्यवस्था इतकी चोख असताना त्या कोळशाची राख आणि धूर ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याही बिलात दिसत नाही. नोकरीनिमित्त काही वर्षे मी भाईंदरहून डहाणूला जात-येत होतो, म्हणून हा दुसरा हिशेब मला थोडाफार पाहता आला.

डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ साली सुरू झाले. तेथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्या विजेचा लाभ मुंबईच्या उपनगरांना आणि मीरा-भाईंदरला मिळत आला आहे. केंद्राचे धुराडे पावणेतीनशे मीटर उंच आहे. एक युनिट विजेसाठी साधारणपणे सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या देशातील कोळशात सुमारे एक तृतीयांश राख निघते. महिन्याला तीनशे युनिटे वापरणारे घर म्हणजे दोनशे किलोंहून अधिक कोळसा आणि साठ-सत्तर किलो राख. हे गणित मी डहाणूच्या गाडीत बसून केले आणि त्यानंतर घरातील विजेकडे मला पूर्वीसारखे पाहता आले नाही.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला होता. चिकूच्या वाड्या, वारली पाडे आणि खाडीवरची मासेमारी यांवर तेथील जीवन उभे आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद अखेरपर्यंत सांभाळले. धुरातील गंधक वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश या प्राधिकरणाने दिला, त्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २००७ मध्ये ती कार्यान्वित झाली. म्हणजे केंद्र सुरू झाल्यापासून बारा वर्षांनी. ती बारा वर्षे डहाणूच्या हवेने सोसली. आम्ही त्या काळात पंखे, शीतकपाटे आणि पुढे वातानुकूलन यंत्रे घेत होतो. एकाच रेल्वेमार्गावरची ही दोन गावे, पण एकीकडे उपभोग होता आणि दुसरीकडे त्याचा भार.

आता कोळसा मागे सरू लागला आहे, याचे मला मनापासून समाधान आहे. मुंबई उपनगरांच्या वीजपुरवठ्यात राजस्थानातील जैसलमेरच्या ७०० मेगावॅट सौर-पवन संमिश्र प्रकल्पातील वीज आली आहे. कोळसा जाळणे थांबलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. भाईंदरजवळच्या उत्तनच्या कोळी बांधवांशी बोलल्यावर तो उरणेही शक्य नाही. समुद्राचे तापमान आणि वादळे यांची भाषा ते आपल्याहून आधी वाचतात.

तरीही एक प्रश्न मागे राहतो. भार वाहणारे गाव फक्त बदलले तर? जैसलमेरच्या माळरानावर माळढोकाचा शेवटचा मोठा अधिवास आहे. हा पक्षी आपल्या सोलापूरच्या नान्नज परिसरातून जवळजवळ दिसेनासा झाला, म्हणून मराठी वाचकाला त्याची व्यथा परकी वाटू नये. वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारांवर आदळून तो मरतो. त्या तारा जमिनीखाली घालाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. निर्मळ विजेचाही असा कोणावर तरी भार असतो. आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी घडून गेले आहे. मुळशीच्या धरणासाठी मावळातील भातखाचरे बुडणार होती, तेव्हा १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यात मिळाली. त्या धरणाच्या पाण्यावर भिरा येथे निर्माण झालेली वीज आजच्या परिभाषेत पूर्णतः स्वच्छ होती. ती मुंबईला मिळाली आणि खाचरे पाण्याखाली गेली.

म्हणून शहराने स्वतःच्या वाट्याची वीज शक्य तेवढी स्वतःच्या छपरावर निर्माण करणे हे मला केवळ काटकसरीचे नव्हे, न्यायाचे काम वाटते. आमच्या या भूमीला सूर्याशी व्यवहार नवा नाही. भाईंदरच्या मिठागरांत भरतीचे पाणी उन्हावर आटवून मीठ केले गेले आणि उत्तनला बोंबील आजही वाऱ्या-उन्हातच सुकतात. अडचण आहे ती आमच्या इमारतींची. सोसायटीच्या सभेत मी सौर पॅनेलचा विषय मांडला तेव्हा शासनाचे अर्थसाहाय्य कमी पडते, अशी तक्रार कोणी केली नाही. 'पीएम सूर्यघर' योजनेत सामायिक वापरासाठी गृहनिर्माण संस्थांना दर किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, हे सर्वांना पटले. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा पुरते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात, हेही पटले. पाण्याचा पंप आणि लिफ्ट त्यावर बऱ्याच अंशी चालू शकतील. पण गच्चीवर गळती थांबवण्यासाठी घातलेली पत्र्याची शेड आहे, तिच्यावर वजन पेलेल का? आणि त्याहून मोठा प्रश्न पुनर्विकासाचा. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे, इमारत मात्र किती वर्षे उभी राहील हे कोणालाच ठाऊक नाही. सभासदांच्या या शंका मला रास्त वाटल्या. शहरातील जुन्या इमारती नव्याने बांधल्या जात असताना गच्चीचा आराखडाच सूर्याचा विचार करून आखणे, हे पालिकेला आणि विकासकांना बंधनकारक असावे, असे माझे मत आहे. एकदा इमारत उभी राहिली की ती संधी तीन-चार दशकांसाठी हातची जाते.

छपरावरची वीज संध्याकाळी थांबते आणि शहराची मागणी तेव्हाच उंचावते, म्हणून दूरच्या विजेवाचून आपले भागणार नाही. ती वीज घ्यायची तर तिचे ऋणही मान्य करावे लागेल. डहाणूची धगधगती भट्टी एक दिवस विझेल. तेव्हा तेथील राखेच्या तळ्यांची निगा कोण राखणार, कंत्राटी कामगारांना दुसरे काम कोण शिकवणार, आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडणार? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग वीजदर ठरवताना जनसुनावणी घेतो आणि तेथे कोणाही ग्राहकाला लेखी म्हणणे मांडता येते. दर कमी करा, ही मागणी तेथे दरवेळी होते आणि ती योग्यच आहे. डहाणूसाठी काही पैसे दरातच बाजूला ठेवा, असे मीरा-भाईंदरच्या ग्राहकांनी लेखी सांगावे असे मला वाटते. मी माझे म्हणणे लिहायला घेतले आहे.