काका, हे कुठे लिहिलंय?

मंडळी, एका लहानशा प्रश्नाने मला वर्षभर सोडलेलं नाही. तो आज तुमच्यापुढे मांडते.

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी आमच्या शॉमबर्गच्या घरी, बेसमेंटमध्ये, मुलांच्या नाटुकल्याची तालीम चालली होती. विषय होता हिरकणीचा. सोफ्याच्या उशा एकावर एक रचून बुरूज केला होता. नऊ वर्षांची हिरकणी त्यावरून चौथ्यांदा घसरत उतरली, तेव्हा पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या मुलाने मला विचारलं, "काकू, हे खरंच झालं होतं का?" आठ वाजत आले होते, मुलांना न्यायला गाड्या दाराशी लागल्या होत्या. "हो रे बाबा, खरंच झालं होतं," असं म्हणून मी विषय संपवला.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही भारतात गेलो तेव्हा मुलीने हट्टच धरला, की हिरकणीचा बुरूज बघायचा. म्हणून पुण्याहून रायगडाला गेलो. सासूबाई बरोबर होत्या. त्यांच्या गुडघ्यांना हजारावर पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे रोपवेने वर गेलो. १९९६ साली हा रोपवे झाला आणि अनेक आजी-आजोबांना गड पाहता आला, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

वर पोचल्यावर एक गाइड भेटले. पायथ्याच्याच गावातले, पन्नाशीचे, सडसडीत. जुन्या मराठीत ज्याला वाटाड्या म्हणत, तेच हे काम. त्यांनी आठशे रुपये सांगितले. मी सवयीने सहाशे म्हटले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "चला ताई."

खरं तर वाटाड्या कशाला हवा, असंही मनात आलं होतं. पुस्तकं वाचली होती, फोनमध्ये नकाशा होता. पण रायगडावर गेलेल्यांना माहीत आहे, की तिथे डोळ्यांना दिसतं ते फार थोडं. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लावली आणि वाडे जळाले. आता उरले आहेत जोती, पायऱ्या, पाण्याची टाकी आणि काही भिंती. सांगणारं कोणी नसेल तर राण्यांचे महाल आणि नुसती दगडांची रांग यांत परक्या माणसाला फरक कळणार नाही. मोडक्या वास्तूचं छप्पर शब्दांनीच घालावं लागतं, आणि ते घालणाऱ्याला आपण पैसे देतो.

पहिल्यांदा त्यांनी आम्हाला राजसदरेवर नेलं. मुलीला नगारखान्याच्या दरवाजात उभं केलं आणि आम्हाला सिंहासनाच्या जागेजवळ. तिला म्हणाले, हळूच कागद फाड. आम्हाला तो आवाज इतक्या लांबून स्पष्ट ऐकू आला. मुलगी धावत आली, मग तिने आजीला तिकडे पाठवलं आणि स्वतः इकडे कान लावून उभी राहिली.

मग बाजारपेठ. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच जोत्यांच्या ओळी. ते म्हणाले, "जोतं एवढं उंच का? तर घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून." ऐकायला छान वाटलं. पण काही अभ्यासकांच्या मते ही दुकानं नव्हतीच. गडावर राहणाऱ्या अधिकाऱ्यांची, कामदारांची घरं असावीत. उंच जोतं दोघांनाही दिसतं. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा.

आणि शेवटी हिरकणीचा बुरूज. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि कड्यावरून उतरून गेलेली आई. गाइडकाका ती अशी सांगत होते, की सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. कड्याच्या कडेला वारा भणाणत होता. आणि तेवढ्यात माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, हे कुठे लिहिलंय?"

मी तिला दटावलं. "मध्ये बोलू नये गं." पण काका थांबले. म्हणाले, "लिहिलेलं कुठे नाही बाळा. मला माझ्या आजीनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, रागावू नका तिला. विचारलं तर मी खरं सांगतो. पण आपण होऊन 'ही दंतकथा आहे' म्हटलं, की लोकांचा चेहरा उतरतो. एकदा एकांनी तर पैसे कापले. म्हणाले, आम्ही काय हे ऐकायला एवढ्या लांबून आलो?"

मला बेसमेंटमधला पहारेकरी आठवला.

आपल्याकडे ज्ञान कशाने होतं याचा विचार फार जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतली तीन मला त्या दिवशी रायगडावर एका वाटाड्याने दोन तासांत दाखवली. कागद फाटल्याचा आवाज हे प्रत्यक्ष. उंच जोत्यावरून बाजारपेठ हे अनुमान, आणि अनुमान चुकू शकतं. हिरकणी हा शब्द, म्हणजे कोणीतरी सांगितलं म्हणून मानलेलं.

पण कोणाचंही सांगणं प्रमाण होत नाही. सांगणारा आप्त असावा लागतो. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्याचा अर्थ असा लावला आहे, की ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे आणि जशी कळली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जातीवर, पदवीवर, वेशावर नाही. मग तो पैसे घेण्या-न घेण्यावरही नसावा. आपण गुरुजींना दक्षिणा देतो, वैद्याला फी देतो, म्हणून त्यांचं सांगणं खोटं ठरत नाही. पायथ्याच्या गावचा, दिवसातून चार वेळा तीच वाट चालणारा माणूस माझ्या मुलीला म्हणाला, "लिहिलेलं नाही, आजीनं सांगितलं." मला वाटतं, त्या क्षणी तो पूर्ण आप्त होता. त्या बुरुजावर आप्त नव्हते ते मी. मुलीचा प्रश्न मी दाबला, आणि चार महिन्यांपूर्वी एका मुलाला न कळलेली गोष्ट कळल्यासारखी सांगितली होती.

इथे खरा नैतिक प्रश्न मला दिसतो. वाटाड्याने खरं सांगावं, एवढं म्हणून आपली सुटका होत नाही. ऐकणाऱ्याचंही काही कर्तव्य आहे. गौरवाची गोष्ट सांगितली की आपण खूश होऊन वर बक्षिशी देतो, आणि 'याला पुरावा नाही' म्हटलं की पैसे कापतो. मग खोटं कोणी विकत घेतलं? परदेशातून गेलेल्यांचा तर हा मोह दुप्पट. वर्षाकाठी मिळणारे पंधरा दिवस, हजारो मैलांचा प्रवास, मुलांना काहीतरी भव्य दाखवायची घाई. आपल्याला शंका नको असते, टाळी हवी असते. आणि आपल्याच घासाघिशीने त्या माणसाचा दिवस तंग केलेला असतो. मी वाचवलेल्या दोनशे रुपयांत इथे वुडफिल्ड मॉलमध्ये धड कॉफीही येत नाही. ज्याला पुढचं गिऱ्हाईक गमावण्याची भीती आहे, त्याला खरं बोलणं परवडत नाही. खरं ऐकायचं असेल तर आधी पुरी बिदागी द्यावी.

कोणी म्हणेल, मग दंतकथा सांगूच नयेत. कागद आहे तेवढंच सांगावं. तेही मला पटत नाही. कागदावर कोण आलं, याचाही विचार करायला हवा. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, हे आपण खात्रीने सांगतो. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता, त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या देवळापाशी पायरीच्या दगडावर कोरलेलं आहे. पण गडावर रोज दूध आणणाऱ्या बायका असणारच, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव कोणी लिहिलं नाही. त्यांची दखल घेतली ती फक्त लोकांच्या तोंडाने. 'हिरकणी' नावाची बाई झाली की नाही हे मला सांगता येत नाही. पण तिची गोष्ट सांगत आलेल्या आज्या आणि सासवा मात्र नक्की झाल्या, आणि त्यांना आपल्या मुलांनी कोणती आई लक्षात ठेवायला हवी होती हे त्यातून कळतं. हेही ज्ञानच आहे. फक्त ते ज्या नावाचं आहे त्याच नावाने द्यावं.

नाव चुकलं की काय होतं, तेही रायगडावरच दिसतं. महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. चितेत उडी घेणाऱ्या इमानी कुत्र्याची ती गोष्ट. शिवकालीन कागदांत त्याचा उल्लेख सापडत नाही, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं. २०१२ साली तो पुतळा काढून टाकला गेला, मग परत बसवला गेला, आणि २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. गोष्ट म्हणून सांगितलेल्या गोष्टीवर सहसा कोणी हातघाईला येत नाही. तिला इतिहासाच्या शेजारी चौथऱ्यावर बसवलं, की मग भांडण सुरू होतं.

आणि सांगणाऱ्यांची साखळी तुटली तर काय होतं, ते पाहायला आपल्याला भारतात जायलाही नको. शॉमबर्गहून गाडीने पाचेक तासांवर, इलिनॉयच्याच दक्षिणेला काहोकिया आहे. हजारेक वर्षांपूर्वी तिथे मोठं शहर होतं. मातीचे प्रचंड ढिगारे रचून केलेल्या टेकड्या आजही उभ्या आहेत. सर्वांत मोठी सुमारे शंभर फूट उंच. पण त्या शहराला तिथली माणसं काय म्हणत, हे आज कोणालाच ठाऊक नाही. काहोकिया हे नाव नंतर, सतराव्या शतकात, तिथे राहणाऱ्या दुसऱ्या लोकांचं. टेकडीला म्हणतात 'मंक्स माउंड', का तर एकोणिसाव्या शतकात जवळ काही फ्रेंच साधू राहत होते म्हणून. तिथे माहितीचे फलक आहेत, उत्खननाची मापं आहेत. पण "मला माझ्या आजीनं सांगितलं" असं म्हणून त्या शहराचं खरं नाव सांगणारा वाटाड्या नाही. तिथल्या पायऱ्या चढले तेव्हा मला रायगडाचे काका फार श्रीमंत वाटले.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी तमिळनाडूतली जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. आता आपण मुलांना घेऊन तिथे जास्त जाऊ, वाटाडे घेऊ. जरूर घ्यावेत. पण वर्षातले उरलेले साडेतीनशे दिवस आपल्या मुलांचे वाटाडे आपणच आहोत. महाराष्ट्र नावाचा एक दूरचा डोंगर आपण त्यांना जेवणाच्या टेबलावर, गाडीच्या मागच्या सीटवर, रविवारच्या मराठी शाळेत दाखवत असतो. ही गिऱ्हाइकं पैसे देत नाहीत, घासाघीस करत नाहीत, आणि बरीच वर्षं आपल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. म्हणून इथे जबाबदारी जास्त. पाहिलेलं पाहिलं म्हणावं, तर्काचं तर्क म्हणावं, ऐकलेलं ऐकलं म्हणावं, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही, शोधू या" म्हणावं. इथल्या शाळेत मुलांना पहिला प्रश्न शिकवतात तो 'हे कशावरून?' हाच. आपण एकदा ऐकीव गोष्टीला इतिहास म्हटलं आणि ते त्यांच्या लक्षात आलं, तर ती हिरकणीबरोबर ६ जून १६७४ सुद्धा सोडून देतील. मला भीती आहे ती याची.

गड उतरायच्या आधी मी काकांना एक हजार रुपये दिले. ते चारशे परत द्यायला लागले. म्हटलं, "आठशे तुमच्या वाटेचे. दोनशे तिच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याबद्दल." ते हसले आणि नोट घडी करून खिशात ठेवली. सासूबाई रोपवेत म्हणाल्या, "आधीच नीट दिले असतेस तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदाच्या उत्सवात तेच नाटुकलं पुन्हा करतो आहोत. सुरुवातीला सूत्रधाराच्या तोंडी एक वाक्य घातलं आहे: "रायगडाच्या पायथ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, ती ही गोष्ट." पहिल्या तालमीला गेल्या वर्षीचा पहारेकरी आला होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मी तुला खरं म्हटलं होतं ते मला माहीत नसताना म्हटलं होतं, चुकलं माझं. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "पण तरी मी दरवाजा बंदच ठेवायचा ना?"

"हो," मी म्हटलं, "दरवाजा बंदच ठेवायचा."