पावत्यांचा डबा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेले एक गृहस्थ कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत. वर्षाचा पगार 9 लाख. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या फीची प्रत्येक पावती ते पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत आणि भेटेल त्याला अभिमानानं सांगत, "पोरं शिकवणाऱ्या बापाला सरकार करात सूट देतंय."

त्यांचं खोटं नव्हतं. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड होता. आता दंडाच्या जागी वजावट आली आहे. 2025-26 मध्ये प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80सी खाली दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी धरता येत होती. मूल सज्ञान असलं तरी चालत होतं, फक्त शिक्षण भारतात आणि पूर्णवेळ हवं होतं.

त्यामुळे 2025-26 साठी ऑफिसनं "जुनी करपद्धत की नवी?" असं विचारलं, तेव्हा गृहस्थांनी क्षणही न दवडता "जुनी" म्हणून सांगितलं. नव्या पद्धतीत फीची वजावट नाही, मग डब्याचं काय करायचं?

जानेवारीत ऑफिसनं पुरावे मागितले. त्यांनी डबा मुलीपुढं ठेवला. "लाव गं जरा नीट."

तिनं पावत्या लावल्या आणि विचारलं, "बाबा, यातली डेव्हलपमेंट फी चालत नाही. नुसती ट्यूशन फी धरतात. आणि 80सी ची मर्यादा सगळं मिळून दीड लाख. पीएफ आणि एलआयसीनंच ती भरली की. माझ्या फीला जागा कुठाय?"

"असू दे. पावती हाय न्हवं?"

तिनं वहीच्या मागच्या पानावर बेरीज-वजाबाकी केली. जुन्या पद्धतीत 50 हजारांची प्रमाणित वजावट आणि 80सी चे दीड लाख वजा केले, तरी कर 54 हजारांच्या आसपास. नव्या पद्धतीत एकही पावती न दाखवता शून्य, कारण त्या वर्षी पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत करच नाही.

गृहस्थ वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सूट मिळावी म्हणून मी 54 हजार भरायला निघालोय?"

"व्हय. सवलत हिशेबात बसली तर घ्यायची, नाहीतर सोडायची. आपल्याला पैसा वाचवायचाय, पावती नव्हे. विवरणपत्र भरताना नवी पद्धत निवडा, कापलेला कर परत मिळंल."

त्याच संध्याकाळी धाकटे काका आले. त्यांच्या मुलाचं शैक्षणिक कर्ज होतं आणि हप्ते काकाच भरत. "80ई मध्ये व्याजाला वरची मर्यादाच नाही म्हणं," ते खुशीत बोलले.

"नाहीच," पुतणी म्हणाली, "आठ वर्षं मिळते ती वजावट. पण कर्ज तुमच्या नावावर आहे का? भरतो कोण एवढंच बघत नाहीत, घेतलं कोणी तेही बघतात. आणि हीसुद्धा जुन्या पद्धतीतच."

काका घाईघाईनं पिशवीतून बँकेचे कागद काढू लागले. गृहस्थांनी त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं.

"कागद मागनं काढ," ते म्हणाले. "आधी तुझा पगार सांग."